हात तोडायचे, पण कोणाचे

मागच्या हिवाळ्यात आमच्या शिवारात एका रात्री सात जणांच्या मोटरच्या वायरी कापून नेल्या. ज्यांच्याकडं शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो, विहिरीतल्या मोटरपासून वरच्या पेटीपर्यंत जी जाड केबल येते तिच्यात तांबं असतं, चोर ती कापतो, जाळून वरचं प्लास्टिक काढतो आणि तांबं भंगारात किलोवर विकतो. त्याला मिळतात हजार-पंधराशे, आपले जातात पाच-सात हजार, वर हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन टायमाला आठ दिवस ओलीत बंद. सातातली एक वायर माझी होती. त्यामुळं सकाळी पारावर जे जमले त्यात मीही होतो आणि जे बोलले त्यातही मी होतो, हे आधीच कबूल करतो.

बोलणं काय झालं असेल ते तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या गावातही हेच बोलतात. एक म्हणे, "ठाण्यात देऊन काय फायदा बे, दोन दिवसात सुटून येते, हातच तोडले पाहिजे लेकाचे." दुसरा म्हणे अरबस्तानासारखा कायदा पाहिजे, मग बघा कशी चोरी होते. तिसऱ्यानं महाराजांचं नाव घेतलं, महाराज असते तर चौरंगा केला असता, म्हणजे हातपायच तोडले असते. चौथ्यानं सरळ गावाबाहेरच्या पारधी बेड्याकडं, म्हणजे पारध्यांच्या वस्तीकडं, बोट दाखवलं, आणि त्यावर कोणी काहीच बोललं नाही. मीपण नाही. दुपारी ठाणेदाराकडं अर्ज गेला, एफआयआर काही झाला नाही, अर्ज "चौकशीवर" ठेवला, आणि चौकशी म्हणजे संध्याकाळी बेड्यावरून तिघांना उचलून नेलं. दोन दिवस बसवून ठेवलं. त्यातला एक जण नंतर आठवडाभर लंगडत होता, मी पाहिलं.

पंधरा दिवसांनी चोर सापडला. गावातलंच पोट्टं, बीए झालेलं, मोबाईलवर रमी खेळून कर्जात गेलेलं, आणि वायरी कुठं विकल्या ते भंगारवाल्यानंच सांगितलं. आता मजा बघा. तोच पार, तीच माणसं. "अरे आपलंच पोट्टं हाये, चुकलं, लाइफ खराब होईन त्याची, बाप मरून जाईन." तंटामुक्तीच्या अध्यक्षाला बोलावलं, बापानं सातही जणांचे पैसे भरून द्यायचं कबूल केलं, अर्ज मागं घेतला, चहा झाला. हात तोडायचा विषय कोणी काढला नाही. मलाही त्या दिवशी हे बरोबरच वाटलं, आणि खरं सांगतो, आजही वाटतं. पोराला जेलात घालून माझ्या हरभऱ्याला पाणी मिळणार नव्हतं. पण घरी येताना डोक्यात एक गोष्ट रुतून बसली ती निघाली नाही, की पंधरा दिवसात आमची शिक्षा बदलली ती गुन्हा बदलला म्हणून नाही, गुन्हा तोच, वायर तीच. माणूस बदलला.

शिक्षेचा इतिहास म्हणलं की आपल्याला एक सोपी गोष्ट सांगतात. आधी लोक रानटी होते, हत्तीच्या पायी देत, कडेलोट करत, मग हळूहळू शहाणे झाले, जेल आले, वकील आले, मानवाधिकार आले. काही जण हीच गोष्ट उलटी सांगतात, आधी धाक होता, आता काही राहिला नाही. मला दोन्ही अर्धवट वाटतात. शिक्षा कडक होती का मऊ होती हा प्रश्न खालच्या नंबरचा आहे. वरचा प्रश्न हा की एकाच गुन्ह्याला सगळ्यांना एकच माप लागत होतं का, आणि गुन्हा कशाला म्हणायचं हे ठरवत कोण होतं.

महाराजांचंच घ्या, कारण चौरंगा म्हणलं की सगळ्यांना रांझ्याचा पाटील आठवतो. रांझे गावच्या पाटलानं एका बाईशी बदअमल केला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडायची शिक्षा दिली, १६४६ सालचं पत्र आहे त्याचं. व्हॉट्सॲपवर हे दर महिन्याला फिरतं, कुठं बलात्काराची बातमी आली की हमखास. पण लोक त्यातला "हातपाय तोडले" एवढाच भाग वाचतात. अहो, तोडले कोणाचे? पाटलाचे. गावातल्या सगळ्यात वजनदार माणसाचे, ज्याच्यापुढं त्या काळात कोणी ब्र काढत नव्हतं. तेव्हाच्या लोकांच्या छातीत धडकी भरली असेल ती शिक्षेच्या क्रूरपणानं नाही, तसल्या शिक्षा त्या काळात जगभर चालू होत्या. धडकी भरली असेल ती पाटलालाही शिक्षा होते ह्यानं. आपण मात्र त्या गोष्टीतून कुऱ्हाड उचलली आणि पाटील सोडून दिला, आणि ती कुऱ्हाड घेऊन निघालो कुठं, तर बेड्यावर.

आमच्या ग्रामपंचायतीच्या मागं कोंडवाडा आहे, आता भिंत पडली, आत बेशरमाची झुडपं उगवलीत. माझ्या लहानपणी चालू होता. गाय-बैल कोणाच्या वावरात शिरले की धरून आणायचे, कोंडायचे, मालकानं दंड भरला की सोडायचे. ह्याचा कायदा इंग्रजांचा, १८७१ सालचा. त्याच १८७१ साली इंग्रजांनी अजून एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा. आधी उत्तर हिंदुस्थानात लावला, पुढं १९११ पर्यंत देशभर लावायची सोय करून घेतली. पारध्यांसारखी एखादी जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, लहानथोर सगळ्यांची नोंद, ठरलेल्या टायमाला हजेरी, गाव सोडायचं तर पास, आणि काही ठिकाणी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, सोलापूरची सगळ्यांना माहीत आहे. साहेबांचं लॉजिक असं होतं की हिंदुस्थानात सुताराचा पोरगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोराचा चोरच होणार. म्हणजे आपल्याच जातीच्या गणितावर त्यांनी आपल्याच लोकांना अडकवलं. एका कायद्यात भटकी गुरं, दुसऱ्यात भटकी माणसं. फरक एवढाच की गुराला कोंडायच्या आधी ते कोणाच्या तरी वावरात शिरावं लागत होतं, माणसाला तेवढंही लागत नव्हतं.

तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. म्हणून ह्या लोकांना विमुक्त म्हणतात आणि ते ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पण तो जाता जाता मागच्या दारानं "सवयीचे गुन्हेगार" नावाचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा, आणि जेलच्या नियमपुस्तकांत जातीवरून काम वाटून द्यायचे, विमुक्तांकडं संशयानंच बघायचे नियम इतके टिकले की ते घटनाबाह्य ठरवायला सुप्रीम कोर्टाला ऑक्टोबर २०२४ उजाडला. आमच्या गावात तर अजून उजाडलाच नाही, नाहीतर ठाण्याची गाडी चौकशीला आधी पाराकडं आली असती.

आता कोणी म्हणेल की हा सगळा दोष इंग्रजांचा. नाही ना भाऊ. माणूस बघून माप बदलणं ही फार जुनी सवय आहे आणि ती जगभर सापडते. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचे कायदे, पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे, दगडावर कोरलेले. डोळ्याला डोळा म्हणून ते फेमस आहेत. पण डोळ्याला डोळा हा नियम मोठ्या माणसाचा डोळा फुटला तरच. साध्या माणसाचा फोडला तर ठरलेली चांदी द्यायची, आणि दुसऱ्याच्या गुलामाचा फोडला तर गुलामाच्या किमतीच्या अर्धे पैसे, तेही त्याच्या मालकाला.

आपल्याकडं मनुस्मृतीत शिवीचा हिशोब आहे. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं) दंड, वैश्यानं दिली तर दीडशे-दोनशे, शूद्रानं दिली तर दंड नाहीच, सरळ अंगावर शिक्षा. उलट ब्राह्मणानं शूद्राला दिली तर बारा पण. पण एक विचित्र गोष्ट, त्याच पुस्तकात चोरीचं माप उलटं लावलंय. शूद्रानं चोरी केली तर आठपट दोष, ब्राह्मणानं केली तर चौसष्टपट, कारण तो जाणून-समजून करतो. ही दुसरी कल्पना मला खरंच पटते, शिकलेल्यानं, पदावरच्यानं चोरी केली तर जास्त भरावं. पण ती कल्पना पुस्तकातच राहिली, गावात टिकली ती बारा पणवाली. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं तेव्हा लोकांना ती धर्माची भानगड वाटली. मला तर तो दंडसंहितेवरचा निकाल वाटतो.

आपल्या भाषेत तर दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे भरायचे पैसे, आणि दंड म्हणजे खांद्याखालचा हात. तिन्ही ज्याच्याकडं, त्याचा न्याय.

मराठेशाहीतला न्याय हा पण एक वेगळाच कारभार. गोतसभा बसायची, त्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, वतनाचे जुने साक्षी, मग महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहायचा. पुरावा नसला तर दिव्य. रवा काढायचं दिव्य म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, हात पिशवीत बांधून सीलबंद करायचा, काही दिवसांनी खोलून बघायचा, फोड नसले तर खरा. वाचून आपण हसतो. पण मला सांगा, दोन दिवस ठाण्यात बसवून "खरं सांग" म्हणणं हे दिव्य नाही तर काय आहे, तिथं निदान तेल सगळ्यांसमोर तापवत होते. आणि एक गंमत, जो जिंकला तो सरकारला "हरकी" भरायचा आणि जो हरला तो "गुन्हेगारी" भरायचा. आज आपण गुन्हेगारी वाढली म्हणतो, त्या काळात गुन्हेगारी वाढली म्हणजे सरकारची तिजोरी भरली असा अर्थ निघाला असता. दोन्ही पक्षांकडून पैसे घ्यायची ही पद्धत बंद झाली असं कागदावर म्हणतात. तालुक्याच्या कोर्टात ज्यानं चार वर्षं चकरा मारल्या त्याला विचारा.

बरं, कडक शिक्षेनं धाक बसतो ह्याचं काय? त्याचा प्रयोग एका देशानं मन लावून केलेला आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती. खिसा कापणं, दुकानातून कापड उचलणं, मेंढी चोरणं. १७२३ च्या एका कायद्यात तर तोंडाला काळं फासून, हत्यार घेऊन राजाच्या शिकारीच्या जंगलात सापडलं तरी फाशी. झालं काय, तर ज्युरीत बसलेले दुकानदार, शेतकरी, साधी माणसं, त्यांना कळायचं की समोरच्या पोरीनं चोरलेलं कापड चांगलं महागाचं आहे, पण खरी किंमत लिहिली तर पोरगी फासावर जाते. मग ते मुद्दाम किंमत कमी लिहायचे, फाशीच्या रेषेच्या जरा खाली. शपथ घेऊन खोटं बोलायचे, आणि पुष्कळदा न्यायाधीशही तिकडं कानाडोळा करायचा. म्हणजे कायदा जितका कडक केला तितका तो वापरायला लोक घाबरले. शेवटी एकेक कलम काढत काढत त्यांनी १९६५ ला खुनाची फाशीसुद्धा थांबवली.

इटलीत बेकारिया नावाच्या माणसानं १७६४ मध्येच हे लिहून ठेवलं होतं, की माणूस शिक्षेच्या क्रूरपणाला घाबरत नाही, ती नक्की होणार ह्याला घाबरतो. ह्यात मोठं तत्त्वज्ञान काही नाही, आमच्याकडं रानडुक्कर हाकलणाऱ्या कोणालाही हे माहीत आहे. बुजगावणं कितीही भयंकर बनवा, डुकराला चौथ्या रात्री कळते की ते हलत नाही. माणूस जागलीला असला तर नुसत्या डबा वाजवण्यानं काम होते.

आपल्याकडंही ज्युरीसारखंच होतं, फक्त नाव वेगळं. साक्षीदार फितूर होतो. गावात राहायचं आहे, त्याच धुऱ्यावरून जायचं आहे, आणि आपल्या साक्षीनं समोरचा जन्मभरासाठी आत जाणार असेल तर माणूस कोर्टात "मला आठवत नाही" म्हणतो. तुम्ही शिक्षा अजून वाढवा, त्याला अजून कमी आठवेल.

आता दुसरी बाजू, गुन्हा म्हणजे काय हे कोण ठरवतं. आमच्या विदर्भात राहून ह्याच्यावर पुस्तक लिहावं लागत नाही, नुसतं एसटीत बसून फिरलं तरी कळतं. नागपूर जिल्ह्यात क्वार्टर विकत घेतली तर गिऱ्हाईक, तीच खिशात टाकून वर्धा जिल्ह्यात उतरला तर आरोपी, कारण वर्धा हा गांधीजींचा जिल्हा, तिथं दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. त्या सहा वर्षांत चंद्रपुरात ज्यांच्यावर केसेस झाल्या, त्यातले कितीतरी चिल्लर पोट्टे होते, मोटरसायकलवर दहा-वीस बाटल्या आणणारे, आणि आता त्याच रस्त्यावर लायसनचं दुकान उघडं आहे आणि पोट्ट्याची तारीख चालू आहे. मी दारूबंदीच्या विरोधात नाही बरं, गावातल्या बायांनी ती भांडून मिळवली आणि का मिळवली ते रात्री नऊनंतर आमच्या गल्लीतून जाऊन बघा. मी फक्त एवढं म्हणतोय की गुन्हा ही आभाळातून पडलेली वस्तू नाही, जिल्ह्याच्या पाटीपाशी ती सुरू होते आणि संपते.

जंगलाचं घ्या. लाकूड, गवत, बांबू आणणं हे ज्याच्या बापजाद्यांनी शेकडो वर्षं केलं, ते १८७८ च्या आणि मग १९२७ च्या वनकायद्यानं गुन्हा झालं. १९३० ला पुसदला लोकनायक बापूजी अणे राखीव जंगलातलं गवत कापायला गेले आणि पकडले गेले. नुसतं गवत. तिकडं दांडीला मीठ, इकडं वऱ्हाडात समुद्र नाही तर गवत. त्या कलमानं अण्यांना देशभक्त बनवलं आणि त्याच कलमानं पुढं सत्तर-ऐंशी वर्षं गोंड-कोलामांना लाकूडचोर बनवलं. मग २००६ चा वनहक्क कायदा आला, २००९ ला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ ला केंद्राचे मंत्री स्वतः गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. तोच बांबू, तेच गाव, तेच हात. आदल्या वर्षी चोरी, ह्या वर्षी ग्रामसभेचं उत्पन्न.

आणि आपल्या कास्तकारांचं तर विचारूच नका. जून २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी उघडउघड एचटीबीटी पऱ्हाटी पेरली, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारी, सरकारची मंजुरी नसलेली कापसाची जात. आपण तिला चोर बीटीच म्हणतो, नावातच चोर. तेव्हाच्या पर्यावरण कायद्यात ह्याला पाच वर्षांपर्यंत जेल आणि लाखाचा दंड होता. आमच्या इकडं किती जणांच्या वावरात ती होती हे मी लिहीत नाही, समजून घ्या. पुढं २०२३ ला दिल्लीनं जनविश्वास नावाचा कायदा करून अशा पुष्कळ कायद्यांतली जेलची शिक्षा काढून नुसता दंड ठेवला, पर्यावरणाचा त्यातच आला. तो काही शेतकऱ्यासाठी केला नव्हता, उद्योगधंद्याला त्रास नको म्हणून केला. म्हणजे मोठ्या लोकांना जेलची भीती नको वाटली की कलम मऊ करता येतं, हे सरकारला चांगलं माहीत आहे.

सगळ्यात वाईट उदाहरण मात्र हे नाही. पंचवीस-तीस वर्षं झाली, आपल्या जिल्ह्यांत फवारणीच्या औषधाचा डबा तोंडाला लावणारी माणसं आपण पाहतोय. मेला तर पंचनामा आणि मदतीची फाईल. पण वाचला तर? कलम ३०९, आत्महत्येचा प्रयत्न, एक वर्षापर्यंत शिक्षा. १८६० मध्ये लिहिलेलं कलम. दवाखान्यात सलाईन चालू आणि शेजारी जमादार बयाण घ्यायला बसलेला, हे मी माझ्या सख्ख्या चुलत्याच्या बाबतीत पाहिलंय. काकाला वाटलं बँकेचा माणूस आला वसुलीला, तो पलंगावरून उठून बसायला लागला. पुढं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तणावात होता असंच धरून चालायचं ठरलं, आणि जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम आलंच नाही, फक्त सरकारी माणसावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेवला. दीडशे वर्षांच्या वर आपण बुडणाऱ्याला पाण्यात उडी मारल्याचा दंड लावत होतो.

हे झालं गुन्ह्यातून बाहेर पडलेल्यांचं. उलटा प्रवासही आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शिवाशिव ही शेकडो वर्षं रीत होती आणि ती मोडणाऱ्याला शिक्षा होती. १९५५ ला पाळणाराच गुन्हेगार झाला. १९८९ ला ॲट्रॉसिटी. जातपंचायतीनं वाळीत टाकणं, हुक्कापाणी बंद करणं हा न्याय होता, २०१६ च्या सामाजिक बहिष्काराच्या कायद्यानं तो गुन्हा झाला. ज्यांच्या हातात काठी होती त्यांच्यावर कलम लागणं, इतिहासात असं फार कमी वेळा झालं, आणि म्हणूनच ह्या कायद्यांना पारावर सगळ्यात जास्त शिव्या बसतात. "खोट्या केसेस करते" म्हणतात. हात तोडा म्हणणारा माणूस ॲट्रॉसिटीचं नाव काढलं की एकदम मानवाधिकारवाला होतो, चौकशी झाली पाहिजे, जामीन मिळाला पाहिजे, निरपराध अडकू नये. सगळं बरोबर बोलतो! फक्त बेड्यावरच्या तिघांसाठी हेच वाक्य त्याच्या तोंडून येत नाही.

मला माहीत आहे ह्यावर काय म्हणाल. तुझी नुसती वायर गेली म्हणून बोलतोस, पोरीबाळीवर आलं असतं तर? प्रश्न बरोबर आहे आणि त्याला टाळून जाता येत नाही. १३ ऑगस्ट २००४ ला नागपुरात कस्तुरबा नगरच्या बायांनी एका गुंडाला भर कोर्टात मारून टाकलं. कित्येक वर्षं त्यानं त्या वस्तीत बलात्कार, खंडणी, मारहाण केली होती आणि तक्रार घेऊन गेलं तर कोणी ऐकत नव्हतं. त्या बायांना मी चूक म्हणू शकत नाही, माझी तेवढी लायकी नाही. दहा वर्षांनी, २०१४ ला, सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. पण त्या घटनेतून "लोकांनीच शिक्षा द्यावी" हा धडा काढणारे एक विसरतात. त्या वस्तीला कायद्यातली शिक्षा कमी पडली नव्हती, बलात्काराला तेव्हाही जन्मठेप होतीच पुस्तकात. कमी पडला तो तक्रार लिहून घेणारा हात.

आणि जमावानं शिक्षा द्यायची म्हणलं तर दोनच वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ ला, भंडाऱ्याच्या खैरलांजीतही जमावच होता. एका दलित कुटुंबातल्या चार जणांना मारलं. भंडाऱ्याच्या कोर्टानं २००८ ला सहा जणांना फाशी दिली, २०१० ला नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या जेलवर आणली. फाशी का काढली म्हणून तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला. माझ्या मते फाशी गेली हे दुःख नाहीच, दुःख हे की ॲट्रॉसिटी लागू झाली नाही, म्हणजे हे जातीतून झालं असं कागदावर आलंच नाही. पंचवीस वर्षं का फाशी ह्यावर आपण भांडत बसलो आणि गुन्ह्याचं खरं नावच हुकलं.

म्हणून शिक्षा वाढवा ह्या मागणीवर माझा विश्वास राहिला नाही. शिक्षा वाढवायला सरकारला काय लागतं, एक दुपार आणि टेबलं वाजवणारे हात. पैसे लागतात ते बाकीच्या गोष्टींना. कोर्टात न्यायाधीश, ठाण्यात तपास करता येणारा माणूस, साक्षीदाराला जायचं-यायचं भाडं, फॉरेन्सिकचा रिपोर्ट वेळेवर. देशातल्या जेलांत दर चारातले तीन कैदी असे आहेत की त्यांची केस अजून चालू आहे, ते गुन्हेगार ठरलेलेच नाहीत. त्यांना शिक्षा झाली नाही आणि ते शिक्षा भोगतायत. जे बाहेर आहेत त्यांना तारीख आहे. तालुक्याला जायचं, पन्नास-साठ रुपये तिकीट, वकिलाचे पाचशे, दिवसाची मजुरी बुडाली, चार वाजता कळतं साहेब रजेवर आहेत, पुढली तारीख. ह्याला कोणत्याही कलमात शिक्षा म्हणत नाहीत. ही सगळ्यांना सारखी लागते असंही नाही, ज्याच्याकडं गाडी आहे आणि ज्याचा वकील मुदत मागून घेतो त्याला ती शिक्षा नाहीच, त्याला तो बचाव आहे.

नव्या न्याय संहितेत एक चांगली गोष्ट आली आणि तिच्यावर पारावर एकही माणूस बोलत नाही. पाच हजाराच्या आतली चोरी, पहिल्यांदाच, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर जेल नाही, समाजसेवेची शिक्षा. गावाच्या उपयोगाचं काम करायचं, पगार नाही. सात वायरींची किंमत पाच हजाराच्या वर जाते, त्यामुळं आमच्या पोट्ट्याला ही सोय बसली नसती, पण मला विचाराल तर त्याला अशीच शिक्षा पाहिजे होती. बापानं पैसे भरले आणि पोट्टं सुटलं, त्याला काय लागलं? त्यानं पंधरा दिवस सगळ्यांसमोर कोंडवाड्यातलं बेशरम काढायचं होतं, शाळेची नाली साफ करायची होती. पण अशा शिक्षेला आधी रीतसर केस व्हावी लागते, कोर्टात गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, आणि आपल्या पोट्ट्याला कागदावर कोण चढू देणार. आणि हीच सोय उद्या बेड्यावरच्या पोट्ट्यासाठी कोणी मागितली, तर आमच्या पारावरची किती डोकी हलतील ते मला आत्ताच दिसतंय. त्याला आपण जेल मागू. नाहीतर हात.

ह्या उन्हाळ्यात फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो तर बेड्यावरचा तो लंगडणारा माणूस भेटला. वयानं माझ्या बापाच्या बरोबरीचा. तालुक्याला चालला होता, तारखेला. मला वाटलं आमच्याच अर्जाचं काही निघालं, पोटात गोळा आला. तर नाही, ती वेगळी जुनी केस, तितर धरल्याची, कितव्या वर्षात चालू आहे ते त्यालाही सांगता येईना, बोटं मोजली आणि सोडून दिलं. त्याचा आजा तितर धरून बाजारात विकायचा तेव्हा ते पोट भरणं होतं, मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला. थोडा वेळ आम्ही उन्हाबद्दल बोललो. मग त्यानं विचारलं,

"भाऊ, ते वायरीचं काय झालं मंग?"

म्हणलं, "मिटलं, बाबा."

"मिटलं?"

"हाव. घरातलंच होतं. मिटवून टाकलं."

त्यानं मान हलवली. गाडी आली, गर्दी होती, त्याला चढायला वेळ लागत होता म्हणून कंडक्टर ओरडला. मी मागून पिशवी वर दिली.